पार्टिकल काउंटर : न दिसणारी धूळ मोजायची कशी, आणि त्यावर धंदा उभा राहतो का?



मागच्या व्हिडिओत आपण एमआयडीसीतल्या कारखान्यांना सेवा देणारे छोटे धंदे पाहिले. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा एकाच गोष्टीची झाली : "सर, ते औषध कंपनीतलं कण मोजायचं काम नीट समजावून सांगा." पंधरा मिनिटांच्या व्हिडिओत ते बसत नाही, म्हणून हा सविस्तर धडा लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. थोडं गणित आहे, पण सातवीचा गुणाकार येत असेल तर पुरे.

हे रत्नागिरीत का शिकायचं?

रत्नागिरी म्हटलं की लोकांना हापूस, काजू आणि मासे आठवतात. पण मुंबई-गोवा हायवेने चिपळूणहून खेडकडे निघालात, परशुराम घाट ओलांडलात, की लोटे-परशुराम एमआयडीसी लागते. तिथे रसायनांचे कारखाने आहेत, आणि औषधांचा मूळ कच्चा माल, म्हणजे एपीआय, बनवणारेही आहेत. २०२१ च्या डिसेंबरात शेअर बाजारात आलेल्या सुप्रिया लाइफसायन्सचा प्रकल्प लोट्यातच आहे. खाली गोव्यात वेर्ण्याला सिप्ला, ल्युपिनसारख्या मोठ्या कंपन्यांचे कारखाने आहेत. म्हणजे तुम्ही चिपळुणात राहात असाल तर दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक आहे.

दुसरं कारण कायद्याचं. औषध कारखाना कसा चालवायचा याचे नियम आपल्याकडे शेड्यूल एम मध्ये आहेत. ते बदलून २८ डिसेंबर २०२३ ला नव्याने अधिसूचित झाले. अडीचशे कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना सहा महिने दिले, लहान-मध्यम उद्योगांना बारा महिने. पुढे लहानांसाठी अर्ज करणाऱ्यांना ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत मुदतवाढ मिळाली. याचा अर्थ असा की ज्या छोट्या युनिटमध्ये आजवर "चालतंय की" म्हणून भागायचं, तिथेही आता कागद मागितला जातो. त्या कागदांमधला एक महत्त्वाचा कागद म्हणजे खोलीतल्या हवेच्या कण-मोजणीचा रिपोर्ट.

धूळ मोजायचीच कशाला?

गोळी पोटात जाते. पोटाला थोडी सवय असते. इंजेक्शन थेट रक्तात जातं, डोळ्यातले थेंब थेट डोळ्यात. तिथे शरीराला अडवायला वेळच मिळत नाही. शिवाय जंतू हवेत एकटे क्वचितच फिरतात. ते बहुतेक वेळा धुळीच्या कणावर, त्वचेच्या पापुद्र्यावर बसून येतात. म्हणून हवेतले कण कमी ठेवले की जंतूंची वाहनंच कमी होतात.

साधारणपणे ५० मायक्रॉनपेक्षा लहान कण आपल्या डोळ्यांना दिसत नाही. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. आपण मोजणार आहोत अर्ध्या मायक्रॉनचा कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनही बारीक. "साहेब, खोली चकाचक आहे, बघा ना," हे वाक्य या धंद्यात निरुपयोगी आहे.

आणि खोलीत सर्वात जास्त धूळ कोण करतं माहितीय? माणूस. आपण हललो की त्वचेचे, कपड्यांचे कण सुटतात. म्हणून तर आत जाताना टोपी, मास्क, अंगभर गाऊन.

यंत्र चालतं कसं?

सकाळी माजघरात कौलातून उन्हाचा कवडसा येतो, त्यात धुळीचे कण चमकताना दिसतात. आधी दिसत नव्हते, उजेड पडला म्हणून दिसले. पार्टिकल काउंटर हेच करतो.

यंत्रातला छोटा पंप ठरावीक वेगाने हवा आत ओढतो. आत लेझरचा बारीक झोत असतो. कण झोतातून गेला की प्रकाश विखुरतो आणि सेन्सरला एक ठिणगी मिळते. जितक्या ठिणग्या तितके कण. ठिणगी मोठी तर कण मोठा. मग यंत्र छापून देतं : ०.५ मायक्रॉन आणि त्याहून मोठे इतके, ५ मायक्रॉन आणि त्याहून मोठे इतके.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे यंत्र कण मोजतं, कण *कशाचा* आहे ते सांगत नाही. धूळ असो, पावडर असो, पाण्याचा थेंब असो, त्याला सगळे सारखेच. जिवंत जंतू आहे की मेलेला, तेही कळत नाही. त्यासाठी सेटल प्लेट आणि एअर सॅम्पलर ही वेगळी तपासणी असते. गिऱ्हाईकाला कधीही सांगू नका की "आमच्या रिपोर्टमुळे तुमची खोली जंतुमुक्त ठरली." ते खोटं होईल.

क्लासची भानगड

कारखान्यात जुने लोक अजून "क्लास हंड्रेड", "क्लास दहा हजार", "क्लास एक लाख" म्हणतात. हे जुन्या अमेरिकन मानकातले शब्द, आणि ते मानक २००१ मध्येच रद्द झालं. त्यात एक घनफुटात ०.५ मायक्रॉनचे किती कण चालतील, तो आकडा म्हणजेच क्लास. आता आयएसओ १४६४४ चालतं आणि मोजणी घनमीटरमध्ये होते. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट. वहीत लिहून घ्या :

- आयएसओ ५ (जुना क्लास १००) : ०.५ मायक्रॉनचे जास्तीत जास्त ३,५२० कण प्रति घनमीटर
- आयएसओ ७ (जुना क्लास १०,०००) : ३,५२,०००
- आयएसओ ८ (जुना क्लास १,००,०००) : ३५,२०,०००

जंतुविरहित औषधांच्या कारखान्यात याशिवाय ए, बी, सी, डी अशा ग्रेड असतात. ए म्हणजे जिथे इंजेक्शनची बाटली उघडी असते ती जागा. तिथे काम चालू असतानाही ३,५२० च्या आतच राहावं लागतं. बी ग्रेडची खोली रिकामी असताना ३,५२० आणि काम चालू असताना ३,५२,०००. सी ग्रेड रिकामी असताना ३,५२,००० आणि चालू असताना ३५,२०,०००.

म्हणून कुठलीही ऑर्डर घेताना पहिला प्रश्न विचारायचा : "मोजणी अ‍ॅट रेस्ट करायची की इन ऑपरेशन?" म्हणजे मशीन लावलेली पण माणसं नसताना, की प्रत्यक्ष काम चालू असताना. हा प्रश्न न विचारता जो कोटेशन देतो, तो नवखा आहे हे क्यूएवाल्याला दोन मिनिटांत कळतं.

आता गणित

बाजारात सर्रास चालणारं यंत्र एक सीएफएमचं, म्हणजे मिनिटाला एक घनफूट, २८.३ लिटर हवा ओढणारं. एका मिनिटात जितके कण आले, गुणिले ३५.३, की प्रति घनमीटर आकडा मिळाला.

समजा आयएसओ ५ ची जागा आहे. एका मिनिटात ९९ कण आले. ९९ × ३५.३ = ३,४९५. पास. शंभर आले तर? ३,५३०. नापास. एका कणाचा फरक!

आता हातात धरायचं स्वस्त यंत्र घ्या. ते मिनिटाला साधारण २.८३ लिटर ओढतं, म्हणजे दहावा हिस्सा. त्याचा एक कण म्हणजे घनमीटरला ३५३. नऊ कणांना पास, दहाला नापास. शिवाय मानक सांगतं की आयएसओ ५ साठी प्रत्येक ठिकाणी किमान ५.६८ लिटर हवा तपासली पाहिजे. म्हणजे या यंत्राला एका जागी दोन मिनिटांहून थोडं जास्त थांबावं लागणार. कोणत्याही क्लासला किमान दोन लिटर आणि किमान एक मिनिट, हा नियम आहेच.

ए ग्रेडच्या जागेचं क्लासिफिकेशन करताना बऱ्याच कंपन्या पूर्ण एक घनमीटर हवा तपासून मागतात. एक सीएफएमच्या यंत्राला त्यासाठी पस्तीसएक मिनिटं लागतात, ५० लिटरवाल्याला २०, आणि १०० लिटरवाल्याला १०. दिवसाला किती जागा होतील, किती माणसं लागतील, दर काय लावायचा, हे सगळं या एका आकड्यावर ठरतं. स्वस्त यंत्र घेऊन वेळ घालवायचा की महाग यंत्र घेऊन वेळ वाचवायचा, हा निर्णय भावनेवर घेऊ नका, वहीवर घ्या.

खोलीत किती जागी मोजायचं?

हे आपल्या मर्जीवर नाही. २०१५ च्या आयएसओ मानकात तक्ता आहे. १० चौरस मीटरपर्यंत ५ जागा, २४ पर्यंत ६, २८ पर्यंत ७, ३२ पर्यंत ८, ३६ पर्यंत ९. खोलीचे तितके सारखे भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात कामाच्या उंचीवर मोजायचं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम : *प्रत्येक* जागेचा आकडा मर्यादेत हवा. खोलीची एकत्र सरासरी काढून चालत नाही. आंब्याच्या पेटीत एक डाग असलेला आंबा असेल तर बाकीचे चार डझन उत्तम आहेत म्हणून गिऱ्हाईक पेटी घेतं का? तसंच.

एका कोपऱ्याची गोष्ट

माझा एक विद्यार्थी आहे, चिपळूणजवळचा. बी.एस्सी. झालेला. दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली व्हॅलिडेशनचं काम केलं, मग स्वतःचं सुरू केलं. पहिल्या काही ऑर्डरींपैकी एक होती एका छोट्या युनिटची. नाव सांगत नाही. वीस चौरस मीटरची खोली, आयएसओ ७, अ‍ॅट रेस्ट. म्हणजे सहा जागा.

पाच जागांवर मिनिटाला साडेतीन हजारांच्या आसपास कण. छान. सहाव्या जागी, मागच्या कोपऱ्यात, चौदा हजार. १४,००० × ३५.३ = ४,९४,२००. मर्यादा ३,५२,०००. नापास.

त्याने घाई केली नाही. यंत्राला झीरो फिल्टर लावून पाहिलं, आकडा शून्यावर आला. म्हणजे यंत्र ठीक. नळी तपासली, कुठे वाकलेली नव्हती. पुन्हा त्याच जागी मोजलं, पुन्हा तेरा-चौदा हजार. मग तिथला माणूस म्हणाला, "अरे, प्रोब जरा फूटभर अलीकडे घे की. एवढं काय त्यात!" अलीकडे घेतला तर आकडा आला सहा हजार. पास. "झालं तर मग. हेच लिही."

विद्यार्थ्याने मला तिथूनच फोन केला. आवाज बारीक झालेला. "सर, सहा जागांची सरासरीही पास होतेय. काय करू?"

खरंच, सरासरी काढली तर प्रति मिनिट ५,२५० येत होती, घनमीटरला एक लाख पंच्याऐंशी हजार. कागदावर सगळं गोड. पण मंजूर नकाशावर सहावी जागा कोपऱ्यातच होती. मी म्हटलं, "जे दिसलं ते लिही. आणि ते का दिसलं हे शोधायला मदत कर. तुझं काम तिथे संपतं."

त्याने नापास लिहिलं. मालक चिडला. बिलाची उरलेली रक्कम चार महिने अडकली. घरी यंत्राच्या कर्जाचा हप्ता चालू. बायकोने विचारलं, "एक फूटच तर सरकायचं होतं ना?" त्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे त्या कारखान्याने छतातल्या हेपा फिल्टरची गळती तपासली. कोपऱ्यातल्या फिल्टरचं गॅस्केट नीट बसलेलं नव्हतं, कडेने न गाळलेली हवा थेट खाली येत होती. गॅस्केट बदललं, पुन्हा मोजणी झाली, सहाच्या सहा जागा पास. प्रोब सरकवला असता तर ती फट पुढच्या तपासणीपर्यंत तशीच राहिली असती, आणि तोवरचा सगळा माल त्याच हवेत भरला गेला असता.

त्या मालकाने पुढच्या वर्षी दुसऱ्यालाच बोलावलं, हेही सांगतो. प्रत्येक गोष्टीचा शेवट गोड होत नाही. पण त्याच कारखान्यातल्या क्यूएवाल्या मॅडम नोकरी बदलून दुसरीकडे गेल्या, आणि तिथलं वर्षाचं काम त्यांनी या मुलाला दिलं. म्हणाल्या, "तुझा पास म्हणजे पास असतो."

मित्रांनो, या धंद्यात तुम्ही विकता ती वस्तू हीच. यंत्र कुणीही विकत घेऊ शकतो.

कोकणातल्या खास अडचणी

*पाऊस आणि दमट हवा.* जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली असते. यंत्र पाण्याच्या थेंबालाही कण समजतं. लादी पुसल्यावर किंवा जंतुनाशक फवारल्यावर लगेच मोजायला बसलात तर आकडा उगाच चढेल. खोली सुकू द्या, एएचयू चालू ठेवा, मग मोजा. आणि यंत्र बाहेरच्या ओलसर हवेतून थेट थंड खोलीत नेऊन चालू करू नका. आतल्या तापमानाला येऊ द्या.

*जांभ्याची लाल धूळ.* उन्हाळ्यात गाडीने आलात की बॅगेवर, बुटांवर, यंत्राच्या पेटीवर लाल थर बसतो. यंत्र आत नेण्याआधी कण न सोडणाऱ्या कापडाने आणि आयपीएने पुसायचं. नाहीतर जी धूळ मोजायला आलात ती तुम्हीच घेऊन आत जाल.

*खारी हवा.* समुद्राजवळच्या युनिटमध्ये एएचयूची कॉइल, नटबोल्ट लवकर गंजतात. गंजाचे कणही कणच. मोजणी करताना ग्रिल आणि स्क्रूकडे नजर टाका, दिसलं तर निरीक्षणात नोंदवा.

*पावडर.* लोट्यातल्या एपीआय युनिटमध्ये शेवटचा माल बहुधा पावडर असतो. पावडर भरणं चालू असताना यंत्र लावलंत तर ते औषधाचेच कण मोजेल, आणि सेन्सर घाण होईल तो वेगळा. तिथे रिकाम्या खोलीतली मोजणी घ्या, आणि चालू कामातल्या मोजणीबद्दल आधी क्यूएशी लेखी ठरवा.

*नळी.* ५ मायक्रॉनचे मोठे कण लांब नळीत चिकटून राहतात, आणि आकडा खोटाच कमी येतो. नळी शक्यतो एक मीटरच्या आत ठेवा, वाकवू नका.

धंदा म्हणून कसा बघायचा?

फार्मा कारखाना काढायला कोट्यवधी लागतात. कण-मोजणीची सेवा काही लाखांत सुरू होते. तरी उडी मारण्याआधी हे क्रमाने करा.

१. आधी शिका. किमान वर्ष-दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काम करा. हवेचा वेग, दाबातला फरक, हेपा फिल्टरची गळती-चाचणी आणि कण-मोजणी ही चार कामं एकत्रच मागितली जातात. फक्त एकच येत असेल तर ऑर्डर मिळणं कठीण.

२. यंत्र विकत घेण्याआधी भाड्याने घ्या. दोन-चार ऑर्डरी करून बघा. तुमच्या भागात वर्षाला किती दिवस काम मिळतं हे कळलं की मगच कर्ज काढा.

३. कॅलिब्रेशनचा खर्च धरा. यंत्राचं साधारणपणे वर्षातून एकदा कॅलिब्रेशन करावं लागतं, त्यात ठरावीक आकाराचे प्लॅस्टिकचे सूक्ष्म गोळे सोडून यंत्र बरोबर मोजतंय का हे बघतात. त्या काळात यंत्र तुमच्याकडे नसतं. सर्टिफिकेटची तारीख उलटलेली असेल तर तुमचा रिपोर्ट रद्दी.

४. नोंदणी आणि मान्यता. उद्यम नोंदणी लगेच करा. पुढे जाऊन एनएबीएलची मान्यता घ्यायची तयारी ठेवा, मोठ्या कंपन्या ती विचारतात. कर्जासाठी मुद्रा आणि मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम यांची चौकशी बँकेत आणि जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन करा. एजंटला पैसे देऊ नका.

५. गिऱ्हाईक फक्त औषध कंपनीच नाही. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये हेपा फिल्टर असतात, तिथेही हीच मोजणी लागते. सुरुवातीला अशा छोट्या कामांनी हात बसतो.

६. अ‍ॅडव्हान्स घ्या. आणि कोटेशनमध्ये एक ओळ ठळक लिहा : "निकाल पास असो वा नापास, बिल देय राहील." माझ्या विद्यार्थ्याने ही ओळ लिहिली नव्हती. आता लिहितो.

गृहपाठ

तीस चौरस मीटरची खोली, आयएसओ ७, अ‍ॅट रेस्ट, यंत्र एक सीएफएमचं. सात जागांवर मिनिटाला पाच ते सात हजार कण आले, एका जागी १०,४००. सांगा : (अ) आठ जागा बरोबर आहेत का? (ब) खोली पास की नापास? (क) नापास असेल तर पुन्हा मोजण्याआधी तुम्ही कोणत्या तीन गोष्टी तपासाल?

पहिल्या दोघांची उत्तरं देतो. आठ जागा बरोबर, कारण ३२ चौरस मीटरपर्यंत आठच. आणि १०,४०० × ३५.३ = ३,६७,१२०, म्हणजे नापास. तिसऱ्याचं उत्तर वरच्या कोपऱ्याच्या गोष्टीत आहे, स्वतः शोधा आणि वहीत लिहा.

पुढच्या भागात दाबातला फरक आणि हेपा फिल्टरची गळती-चाचणी बघू. तोपर्यंत एक करा : जवळच्या एमआयडीसीत एक चक्कर मारा, गेटवरच्या पाट्या वाचा, आणि कुठे काय बनतं याची यादी करा. धंद्याची सुरुवात त्या यादीपासून होते.

भेटू लवकरच.